दहापैकी किती

३ मार्च, मंगळवार

बूट लपवले माझे! चोर घरातलाच आहे, आणि सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन कामावर गेला.

साडेपाचला उठले, दाराजवळच्या स्टुलाखाली हात घातला — रिकामं. लेकाच्या चपला जागेवर, सुनेचे काळे बूट जागेवर, नातीचे शाळेचे जागेवर. माझेच तेवढे स्वतःहून फिरायला गेले. लेकाला विचारलं. म्हणे, "मला काय माहीत, आई?" आणि वर पंख्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षांचा झाला, अजून खोटं बोलताना वरच बघतो.

सून म्हणाली, "नडगी दुखतेय ना तुमची? मग आठ दिवस बूट काय करायचेत?" ती बसमध्ये कंडक्टर आहे. घरातही तिचीच घंटी चालते. एक मारली की सगळ्यांनी थांबायचं, दोन मारल्या की निघायचं. मला सकाळी सकाळी एक मारून ठेवली.

नडगी दुखते, खरं आहे. उजवी, खालच्या अंगाला, आतून. महिना झाला. पण नडगी माझी आहे ना?

ही वही व्यायामवाल्या डॉक्टरणीने मागे लावली. पोरगीच आहे ती, दुधाचे दात पडलेत की नाही कोण जाणे. "रोज लिहा आजी, किती धावलात आणि दहापैकी किती दुखलं." चौथीत शाळा सुटलेल्या बाईला सहासष्टाव्या वर्षी गृहपाठ! ठरवलंय, तिचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. वही माझी. हिच्यात मला वाटेल ते.

एकतीस मे. दहा किलोमीटर. नाव दिलंय, छातीवर लावायचा नंबरसुद्धा आलाय. तो कुणाला सापडायचा नाही. उशीच्या अभ्र्यात आहे आणि अभ्रे या घरात मीच बदलते.

४ मार्च, बुधवार

सापडले बूट. वॉशिंग मशीनमध्ये! तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखात्यात काढली मी, आणि माझ्यापासून वस्तू लपवायला यांना मशीनच मिळालं.

६ मार्च, शुक्रवार

डॉक्टरणीकडे जाऊन आले. तिच्या भिंतीवर चेहरे आहेत — एक हसरा, मग जरा कमी हसरा, असं करत करत शेवटचा भोकाड पसरलेला. खाली शून्य ते दहा. "दहा म्हणजे तुम्हाला कल्पना करता येईल तेवढं सगळ्यात वाईट दुखणं," म्हणाली.

कल्पना कशाला करू? माझ्याकडे खरंच आहे की! चादरी दाबायचा गरम रोलर होता आमच्याकडे, पलंगाएवढा लांब. चादरीचं टोक सरळ करायला गेले आणि चादरीबरोबर डावा हात आत. चार बोटं. उजव्या हाताने मीच बटण बंद केलं. ओरडत होता तो मुकादम, मी नाही. तर ते दहा. लेकाच्या वेळचं बाळंतपण नऊ, दोन दिवस लावले होते त्याने यायला. आता त्या हिशेबात नडगी कुठे बसते? खूप विचार केला. म्हटलं, दोन. तेही मन मोठं करून दिले.

पोरगी खूश. "दोनच? मग हळूहळू धावायला हरकत नाही. तीनच्या वर गेलं की थांबायचं."

घरी येऊन कंडक्टरबाईंना सांगितलं — डॉक्टरणीने दोन घंट्या मारल्या, चला!

ती म्हणाली, "तुम्ही तिला खरं सांगितलंत का?" मला! मी खोटं कधी बोलले?

रोलरचा विषय निघाला म्हणून लिहिते. त्या दिवशी हाताला हे एवढं पट्टीचं बोचकं बांधून घरी आले. लेक दहा वर्षांचा. "आई, दुखतंय?" म्हटलं, "थोडंसं." आणि एका हाताने स्वयंपाक केला. पुढच्या वर्षी हा शाळेच्या भिंतीवरून पडला, मनगट मोडलं. ते दुसऱ्या हातात धरून चालत घरी आला, डोळ्यांत टिपूस नाही. "थोडंसं लागलंय," म्हणाला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पाठ थोपटली त्याची. मी म्हटलं, माझा आहे तो.

८ मार्च, रविवार

वीस मिनिटं. मैदानाला चार फेऱ्या. दोन.

शिवणवाली बरोबर होती. ती आमच्याच इस्पितळात फाटक्या चादरी शिवायची, मी धुवायची. आता दोघी मिळून धावतो. ती धावते कमी, बोलते जास्त. आज म्हणाली, "बाई, तू लंगडतेयस." म्हटलं, "तू बोलतेयस. आपापलं दुखणं आपण सांभाळू."

तिने पुन्हा विचारलं, तुला हे खूळ लागलं कधी? नोकरी सुटली तेव्हा दोन वर्षं नुसती बसून होते. तीस वर्षं ट्रॉल्यांमागे चालले होते, ट्रॉली गेली आणि पायांना काही सुचेना. एक दिवस नात डबा विसरून शाळेच्या बसमध्ये बसली. मी डबा घेऊन बसमागे पळाले. साडी गुडघ्यापर्यंत खोचून! तिसऱ्या थांब्यावर गाठली. वाटलं छाती फुटणार. नाही फुटली. उलट कितीतरी वर्षांनी मजा आली. दुसऱ्या दिवशी डबा वेळेवर दिला आणि तरी पळाले.

१२ मार्च, गुरुवार

साडेपाच ते पावणेसात माझे. त्यानंतर डबे, नातीची वेणी, तिला खाली फाटकापर्यंत बसवर सोडणं, भांडी, दळण. एवढं सगळं करून मी धावते, तरी लेक म्हणतो, "आई, पुरे आता. तुझ्या वयाच्या बायका —"

म्हटलं, "माझ्या वयाच्या बायका काय करतात ते मला नको सांगूस. तुझं पोट बघ आधी. शर्टाची बटणं जीव मुठीत धरून बसलीत."

नात एवढी हसली की दूध नाकातून आलं.

१५ मार्च, रविवार

आठ किलोमीटर! न थांबता! शेवटच्या दोन फेऱ्यांना नडगीत कुणी सुई घालून फिरवतंय असं होत होतं. तर काय झालं? रोलर होता का तो? नव्हता. अडीच. कॅलेंडरच्या चौकोनात अर्धा बसत नाही, म्हणून दोन लिहिले.

१७ मार्च, मंगळवार

पाय टेकवेना. तीन.

१९ मार्च, गुरुवार

हाड चिरलंय.

फोटोत दाखवलं पोरीने — केसासारखी रेघ. म्हणाली, "आजी, हे आधीचंच असणार, त्यावर तुम्ही आठ किलोमीटर धावलात! आणि मला दोन म्हणालात!"

"दोनच होतं."

"दहा म्हणजे काय धरलं होतंत?"

सांगितलं. रोलर, बोटं, मुकादम, सगळं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. माझा डावा हात हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "चूक माझी आहे. मी हे आधी विचारायला हवं होतं. आजी, तुमचं दोन म्हणजे लोकांचं सात-आठ."

म्हटलं, "मग लोकांना सांगा की जरा नीट मोजा."

सून बरोबर होती. मला वाटलं आता बसमध्ये ऐकवते तसं सगळ्यांसमोर ऐकवणार. पण परत येताना एवढंच म्हणाली, "तुमच्या लेकाला लग्नानंतर एकदा ताप आला होता. 'थोडंसं अंग तापलंय' म्हणाला. एकशे चार होता."

सात आठवडे धावणं बंद. इतके दिवस बूट घालू नका म्हणून जीव खाल्ला, आता गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा बूट दिलाय. एकाच पायाचा!

२० मार्च, शुक्रवार

नंबर अजून अभ्र्यातच आहे. मुद्दाम लिहून ठेवते.

२४ मार्च, मंगळवार

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. लेक दुनियेच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो आणि राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत! हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, "शिंप्याचा शर्ट बघितलायस कधी?"

मी अडकले वर, त्यामुळे नातीला बसवर सोडणं आता लेकाकडे. मी खिडकीत खुर्ची टाकून बसते. खाली फाटक दिसतं, मागून जिन्यातली पावलं ऐकू येतात. हातात धावण्याचं घड्याळ आहे, त्याला दुसरं काम नाही. तर आज लेकाला लावलं. फाटकापासून दारापर्यंत, चोपन्न पायऱ्या. एक मिनिट पाच.

माझे एक्केचाळीस सेकंद आहेत. दारातच सांगितलं त्याला. "आई, मला शर्यत नाही लावायची," म्हणाला. बरोबर आहे, हरणाऱ्याला नकोच असते.

२ एप्रिल, गुरुवार

नातीने डॉक्टरणीकडचे चेहरे कागदावर काढून फ्रीजवर चिकटवलेत. सगळ्यांना माझ्यासारखं नाक. सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर उभी राहून कागदाशी ताडून बघते. आज म्हणाली, "आजी, तू पाचवर आहेस."

म्हटलं, "एकवर आहे."

"तोंडाने एकवर. चेहऱ्याने पाचवर."

तिला खोटं बोलायला जमत नाही. परवा मी बूट काढून खिडकीपर्यंत चालून बघितलं, नुसती सहा पावलं, तर संध्याकाळी तिची आई घरात शिरायच्या आत हिने जिन्यात बातमी दिली. दवंडी आहे नुसती.

९ एप्रिल, गुरुवार

खुर्चीत बसून हात धावले. वीस मिनिटं. नात घड्याळ धरून. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही मुठींत. शिवणवाली बघायला आली होती, म्हणाली, "वेडी दिसतेस." म्हटलं, "धावणारी वेडी आहे. बसलेली शहाणी तू बघितलीयेस का कुठली?"

लेक : एक मिनिट चाळीस.

१७ एप्रिल, शुक्रवार

आज जेवताना सरळ सांगितलं सगळ्यांना. एकतीस मेला मी जाणार. धावले तर धावत, नाहीतर चालत, तेही नाही जमलं तर ट्रॉलीत बसून. पण ती रेघ ओलांडणार.

लेक म्हणाला, "आणि पुन्हा मोडलं तर? घर कोण बघणार?"

बरं झालं, निघालं तोंडातून! म्हणजे भीती माझ्या हाडाची नाही, डब्यांची आहे. तसं बोलून टाकलं. तो ताटावरून उठला. अर्धं जेवण टाकून. आधी असा उठायचा नाही तो, ताट चाटून पुसून ठेवायचा.

सून म्हणाली, "रोजच टाकतोय हल्ली. तुमच्यावरचा राग नाही तो."

मग कुणावरचा आहे?

२८ एप्रिल, मंगळवार

लेक : दोन मिनिटं वीस. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली, मग पुन्हा सुरू झाली. दार उघडून विचारलं, "दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलंस की काय?"

"फोन आला होता," म्हणाला.

फोन घरात होता! टेबलावर, चार्जरला! आणि म्हणताना वर बघत होता, छताकडे.

समजले मी. सिगरेट. जिन्यात लपून ओढतो. सून यायच्या आत पकडते.

२९ एप्रिल, बुधवार

धुवायच्या बादलीतून त्याचा सकाळचा शर्ट काढून हुंगला. तीस वर्षं परक्यांचे कपडे हाताळलेत, कपडा माझ्याशी खोटं बोलत नाही. सिगरेट नाही. पण पाठ पूर्ण ओली. चोपन्न पायऱ्यांना एवढा घाम? सकाळच्या गारव्यात?

पोट कमी कर, हेच सांगून सांगून थकले.

७ मे, गुरुवार

बूट निघाला!!

नवा फोटो काढला. रेघ भरलीय. पोरगी म्हणाली, "हाड तुमच्याइतकंच हट्टी आहे." आता चालायचं. पंधरा दिवसांनी बघू, मग चालता चालता मिनिटभर धावायचं, पुन्हा चालायचं. तोवर धावणं अजिबात नाही, एक पाऊलसुद्धा नाही. तिने नवा नियमही केलाय. मला आकडा विचारतच नाही. नातीला विचारते. नात कागद घेऊन गेली होती. "दोन, पण खरे दोन," म्हणाली.

११ मे, सोमवार

मैदानाला एक फेरी. चालत. तीन शाळकरी पोरी मागून पळत पुढे गेल्या, एक म्हणाली, "सॉरी आजी." सॉरी कशाला? एकतीस मेनंतर भेट म्हणावं.

संध्याकाळी नंबर अभ्र्यातून काढला आणि फ्रीजवर चेहऱ्यांच्या शेजारी लावला. लपवाछपवी बंद. सुनेने बघितला. काहीतरी बोलणार म्हणून मी कंबर कसून उभी. तर ती म्हणाली, "पिना चार लागतील. वरच्या कोपऱ्यांना दोनच लावल्या तर फडफडतो." बसखाली आले असते तरी एवढी दचकले नसते.

लेक (नातीला सुट्टी, तर दूध आणायला खाली गेला होता) : तीन मिनिटं पाच. वर येऊन म्हणाला, "आई, एकतीस तारखेला मी येईन. शेवटच्या वळणावर उभा राहीन." म्हटलं, "तू आधी वर येऊन दाखव."

१३ मे, बुधवार

काल सकाळी, चार मिनिटं दहा. दारात आला आणि स्टुलावर बसला. चेहरा न धुतलेल्या चादरीचा. "काही नाही आई, थोडंसं जड वाटतंय. जबडा ओढतोय."

विचारलं, दहापैकी किती?

"दोन."

वर बघितलं नाही त्याने. पंख्याकडे नाही, छताकडे नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाला. खरं बोलत होता. माप माझं होतं.

खालच्या टॅक्सीवाल्याचं दार बडवलं, दोघांनी धरून त्याला खाली उतरवलं. आमचंच इस्पितळ. पुढच्या फाटकावर ही रांग. म्हटलं, मागे घे, धुलाईखात्याच्या उतारावर. मळक्या कपड्यांची ट्रॉली उभी होती. टॅक्सीवाल्याने आणि मी त्याला उचलून तीत घातलं, गाठोडं घालतात तसं, आणि मी धावले. चढ, डावीकडे वळण, लांब बोळ, उजवीकडे वळण. "आई, तुझा पाय," म्हणाला. म्हटलं, गप्प बस. तातडीच्या विभागाचं दार ट्रॉलीनेच उघडलं.

वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. हृदयाची एक नळी पूर्ण बंद होती. उघडलीय. आत्ता झोपलाय.

सात आठवडे मी घड्याळ लावून बसले होते, आणि मोजत काय होते हे मला कळलं नाही. ते लिहून ठेवलं. आता पुढचं.

इथली नर्स दर दोन तासांनी येते आणि विचारते, दहापैकी किती. मघाशी तो "एक" म्हणाला. हे चालणार नाही. त्याने तोंड उघडायचं नाही. उत्तर सुनेनेच द्यायचं. आणि माझ्या नडगीचं कुणी विचारलं, तर नातीने.